चैत्रातला सप्तशृंगगड

सापुताऱ्याचा घाट चढून वणीकडे जाणारा रस्ता सुरतेच्या मराठी घरांना नवा नाही. १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन परतताना महाराजांची मोगलांशी गाठ पडली, ती याच वणी-दिंडोरीच्या मुलखात.

गड म्हटला की आपल्याला नवरात्र आठवते. मला विचाराल तर चैत्रोत्सव पाहावा. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सारा खानदेश गडावर लोटतो, कारण खानदेश हे देवीचे माहेर. लिंबायत, उधना, दिंडोलीतली माणसेही निघतात. माहेरच्या माणसाला आमंत्रण लागत नाही. जे पायी जातात त्यांना डॉक्टर म्हणून सांगतो, त्या उन्हात माझ्या गोळ्या नंतर, आधी मीठ-साखरेचे पाणी. चैत्रोत्सवात रात्री दरेगावच्या गवळी घराण्याचा मानकरी शिखरावर कीर्तिध्वज लावतो. तिथे धड वाट नाही. खाली २०१८ पासून ट्रॉली आहे. गुडघेदुखीवाल्यांनी संकोच न करता तिच्यात बसावे.

मी जैन, मला देवीचे काय? बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ, त्यांची शासनदेवता अंबिका. आई आम्हालाही आहे. म्हणूनच एक अवघड गोष्ट बोलतो.

२०२२ साली गडावर दोन गोष्टी घडल्या. जुलैत मंदिर दर्शनाला बंद करून मूर्तीवरचा हजाराहून अधिक किलो शेंदूर उतरवला, आणि घटस्थापनेला अठरा हातांची आई मूळ रूपात दिसली. काहींना ती ओळखू येईना. पिढ्यान् पिढ्या शेंदरी मुखच पाहिले होते, त्यांचा गोंधळ मला समजतो. त्याच दसऱ्याला बोकडबळी परत सुरू झाला. २०१६ मध्ये मानवंदनेच्या बंदुकीतून छर्रे उडून भाविक जखमी झाले, पुढच्या वर्षी प्रशासनाने बळी बंद केला, आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली.

मला बळी मान्य नाही. तो आईला हवा असतो, हे मला पटत नाही. पण बंदी आली ती बंदुकीमुळे. बोकडाचा विचार त्यात नव्हता. डोंगरातल्या आदिवासींची ती परंपरा, आणि सुरतेत पंख्याखाली बसून त्यांना रानटी म्हणणे मला त्याहून कमी हिंसक वाटत नाही. राजस्थानात ओसियाला सच्चियाय मातेचे बळी आचार्य रत्नप्रभसूरींनी थांबवले, पुढे गोड नैवेद्य आला, असे ओसवाल परंपरा सांगते. त्या कथेत आचार्य आधी त्या लोकांत जाऊन राहिले, त्यांचे झाले. गडावर तसे बोलायला आपल्यापैकी कोण जाऊन राहिले आहे?

मी चैत्रात जातो. साडी, खण, नारळ आणि घरचे पेढे, एवढेच नेतो.