कॅमेऱ्याची अडलेली नळी



आश्विन वद्य पंचमीस जे गुरुकुंज मोझरीस गेले असतील, त्यांना तेथील गर्दीचें आणि धुळीचें वर्णन सांगावयास नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं स्थापिलेल्या या आश्रमांत त्यांच्या पुण्यतिथीला लक्षावधि माणसें जमतात. आणि १९६८ सालीं ज्या वेळीं महाराजांनीं देह ठेवला त्या वेळीं, म्हणजे सायंकाळीं ४ वाजून ५८ मिनिटांनीं, सारा समुदाय मौन धरून उभा राहतो. गेल्या खेपेस त्यांत मीहि होतों. बरोबर ऐंशी वर्षांच्या आत्याबाई होत्या. आश्रमांत आपलें एक छायाचित्र निघावें, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून मीं खिशांतला छोटा डिजिटल कॅमेरा सुरू केला. भिंगाची नळी अर्धी बाहेर आली, करकरली आणि तेथेंच अडली. नेमकें तेव्हांच सारें शांत झालें, आणि त्या शांततेंत माझा कॅमेरा तीन वेळां ओरडला! आत्याबाईंनीं डोळे न उघडतां माझ्या हातावर चापट मारली.

दोष कोठें होता? या कॅमेऱ्यांचीं भिंगें एकांत एक बसणाऱ्या नळ्यांत असतात. नळीला तिरक्या खांचा असतात, त्यांत बारीक खुंट्या सरकतात, आणि इवलीशी मोटार दंतचक्रांच्या द्वारें नळी फिरवून पुढें-मागें नेते. खांचेंत मातीचा एक कण शिरला तरी मोटारीचा जोर अपुरा पडतो. नळी ठरल्या जागीं पोंचली नाहीं हें यंत्राला कळतें आणि तें आपण होऊन थांबतें. तें त्याचें शहाणपण. मी मात्र पुन्हां पुन्हां कळ दाबीत होतों.

अशा वेळीं पुष्कळ जण नळी बोटांनीं आंत ढकलतात. तसें केल्यास चक्रांचे दांते मोडतात. प्रथम बॅटरी काढून पुरती भरून घालावी. क्षीण बॅटरीनेंहि नळी अर्ध्यावर थांबते. मग नळी एका अंगास कलली आहे काय, तें पाहावें. कललेली असल्यास काम कारागिराचें. सरळ असल्यास भिंग खालीं करून रबरी फुग्यानें फटींत हवा मारावी व मऊ कुंचल्यानें कडा झाडाव्या. तोंडानें फुंकूं नये, ओलावा आंत जातो. तेल थेंबभरहि नको. शिवणयंत्राला तें मानवतें, येथें तें भिंगावर पसरतें आणि धूळ धरून ठेवतें. आणि पेंचकस घेऊन कॅमेरा घरीं उघडणें तर धोक्याचेंच, कारण फ्लॅशसाठीं आंत सांठविलेली वीज ३०० व्होल्टच्या आसपास असते व बॅटरी काढल्यावरहि ती कांहीं काळ टिकते.

दुसऱ्या दिवशीं अमरावतीस औषधांच्या दुकानांतून कान धुण्याचा कोरा रबरी फुगा आणला. चौथ्या प्रयत्नास नळी निमूट आंत गेली. आत्याबाई तोंवर अकोल्याच्या गाडींत बसल्या होत्या. येत्या पंचमीस पुन्हां जावयाचें आहे. ‘कॅमेरा आण, पण पांच वाजून गेल्यावर उघड,’ असा त्यांचा निरोप आला आहे.