तडा भूकंपाचा की घराचा?

(मनोर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली. तिथल्या धुंदलवाडी गावाचं नाव तेव्हा सारखं वर्तमानपत्रात यायचं. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. घरात निजायची भीती वाटून लोक तंबूत राहिले. तो एकच मोठा हादरा नव्हता, लहानमोठ्या धक्क्यांची माळ होती. घराच्या विम्याचं भांडण नेमकं इथेच सुरू होतं. भिंतीतला तडा कुठल्या दिवसाचा, हे सांगणार कोण?

1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घराची प्रमाणित पॉलिसी आली. आग, स्फोट, वादळ, पूर, भूकंप हे सगळं तिच्यात आहे. तारापूरच्या कारखान्यातल्या स्फोटाने बोईसरच्या घराच्या काचा फुटल्या, तर तेही स्फोटातच येतं. जमीन खचण्याचं संरक्षणही आहे, पण त्याच्या पोटात अपवाद आहेत: नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि तडकणं, भराव घातलेल्या जमिनीची हालचाल, नदी किंवा समुद्राने काठ कापणं, सदोष बांधकाम. आता बोईसरच्या आसपास भराव घालून किती घरं उभी राहिलीत ते तुम्हीच मोजा.

मग होतं असं. सर्व्हेअर येतो, फोटो काढतो, भूकंपाचं नुकसान म्हणून आकडाही बोलून दाखवतो. घरमालक गवंड्याला बोलावतो. आणि पुढे कंपनीचा विचार बदलतो. दुसरा सर्व्हेअर येतो, त्याला तोच तडा ‘घर बसल्याचा’ दिसतो.

कंपनीला विचार बदलता येतो का? येतो, पण मन मानेल तसा नाही. श्री वेंकटेश्वर सिंडिकेट प्रकरणात 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, हवा तसा अहवाल मिळेपर्यंत सर्व्हेअर बदलत राहता येणार नाही. पहिला अहवाल का पटला नाही, याची कारणं द्यावी लागतील. त्याच वर्षी प्रदीपकुमार यांच्या ट्रकच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, सर्व्हेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे. हे दुधारी आहे बरं का. तुमच्या बाजूचा अहवालही अंतिम ठरत नाही. आणि 2019 च्या सौराष्ट्र केमिकल्स निकालानुसार, नकाराच्या पत्रात जे कारण लिहिलं, त्याच्या बाहेरचं नवं कारण कंपनीला खटल्यात काढता येत नाही. म्हणून फोनवरचं ‘क्लेम बसत नाही’ ऐकून गप्प बसू नका. कुठल्या कलमाखाली बसत नाही, ते लेखी मागा. अपवादाचं कलम लागू होतं, हे सिद्ध करण्याचं ओझं कंपनीवर असतं.

मात्र कंपनी नेहमी हरतेच असं नाही. बंगालात गंगेकाठच्या धुलियान गावातल्या घरांचा खटला 1966 साली घटनापीठापुढे निकाली निघाला. नदी जवळ येताना पाहून कंपनीने संरक्षण काढून घेतलं होतं. घरं नंतर गेली. न्यायालयाने कंपनीचं म्हणणं मान्य केलं, कारण करारात तशी अट होती. नुकसान होण्याआधी माघार आणि नुकसान झाल्यावर माघार, यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे.

तेव्हा पुरावा तारखेचा हवा. धक्क्याआधीचे भिंतीचे फोटो, अगदी वाढदिवसाच्या फोटोतली मागची भिंतसुद्धा, उपयोगी पडते. तलाठ्याचा पंचनामा घ्या. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र धक्क्यांची तारीख, वेळ आणि तीव्रता प्रसिद्ध करतं, तीही जोडा. शेजारच्या चार घरांना त्याच दिवशी तडे गेले असतील, तर ‘तुमचंच घर कच्चं’ हे म्हणणं टिकणं अवघड.

आणि पॉलिसी? पुष्कळांची ती बँकेच्या गृहकर्जाच्या फायलीत पडून असते. काहींनी कर्जासोबत काढलेला विमा घराचा नसतोच, कर्जदाराच्या जिवाचा असतो! घरी जाऊन आधी तेवढं पाहा.

विमा नियामकाच्या 2024 च्या नियमांप्रमाणे सर्व्हेअर 24 तासांत नेमायचा, अहवाल 15 दिवसांत आणि त्यानंतर निर्णय 7 दिवसांत. रकमेवर वाद असताना ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही मागणं नियामकाला मान्य नाही. तरी कोणी पुढे केलीच, तर ‘हरकत राखून’ एवढं हाताने लिहा.

पुढची पायरी कंपनीच्या तक्रार विभागाची. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. पालघर जिल्हा ठाण्याच्या कार्यालयाकडे येतो. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई देता येते. नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची. क्रम मात्र सांभाळा. आधी आयोगात गेलात तर त्याच तक्रारीसाठी लोकपालाचं दार बंद होतं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही; तो पटला नाही तर मुदतीत आयोगात जाता येतं.