बेसाल्टच्या खाली काय आहे?



व्यवस्थापनाच्या दीक्षान्ताला भूशास्त्राचा माणूस बोलावलात, तेव्हा थोडं दगडांबद्दल ऐकून घ्यावंच लागेल. इथली, नागपूरची सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या बेसाल्टची आहे, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक इथून थेट कोकणापर्यंत पसरलाय. इकडे कामठी-उमरेडला मात्र त्याहून जुने गोंडवाना थर, पोटात कोळसा. मग पश्चिमेला बेसाल्टखाली काय दडलंय? तेल, वायू?

तेल शोधताना जमिनीत लहरी सोडतात, थरांवरून परतलेल्या टिपतात आणि संगणकावर त्यांचं चित्र जुळवतात. गाळाच्या खडकांत ही युक्ती झकास चालते. बेसाल्टमध्ये बरीचशी ऊर्जा वरच्या वर परतते, उरलेली लाव्ह्याच्या थराथरांत विखुरते. गुरुत्वाकर्षण आणि विद्युतवहन मोजून अंदाज सुधारतो, पण तो अंदाजच. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला 617 मीटर छिद्र घेतलं. 338 मीटर बेसाल्ट, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचे थर, की लगेच पायाचा कठीण खडक! कोयनेजवळ 3 किलोमीटर खोल गेले, तिथे बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटी खडक. ही छिद्रं भूकंपाच्या अभ्यासासाठी होती, तरी तेलवाल्यांना उत्तर मिळालं. अर्थात त्या त्या जागेपुरतं.

समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राची कथा उलटी. 1960 च्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या सर्वेक्षणातून समुद्रतळाखालच्या रचना दिसू लागल्या. पण उंचवटा दिसणं वेगळं आणि त्यात तेल असणं वेगळं. ते कळलं 1974 मध्ये, ‘सागर सम्राट’ या खोदाईच्या रिगने किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर विहीर खोदली तेव्हा. 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं.

रिगवर खोदाईच्या चिखलाबरोबर वर आलेला खडकाचा चुरा चाळतात, धुतात, अतिनील दिव्याखाली धरतात. तेलाचा अंश असला की कण चमकतात. गंमत अशी, की हातातला चुरा या क्षणी खोदाई चाललेल्या खोलीचा नसतोच. खोल विहिरीतून वर यायला त्याला तास-दोन तासही लागतात. तोवर खडक फोडणारं बिट पुढे गेलेलं असतं.

आणि जिवाची जोखीम कुठल्या नकाशावर उमटत नाही. 27 जुलै 2005 ला हवामानामुळे हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून एका जखमी स्वयंपाक्याला उतरवायला नौका मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मला भिडली. ती तेलवायूच्या पाइपवर आदळली, आग भडकली आणि 22 माणसं गेली.

उद्या तुमच्यातल्या कुणाच्या टेबलावर रंगीत नकाशा येईल, शेजारी साठ्याचा एकच ठसठशीत आकडा. मोजलाय की अंदाजाने काढलाय, विचारा. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, हेही विचारा. पहिली विहीर कोरडी निघाली तर किती खर्चावर थांबायचं, ते खोदाईआधी लिहून घ्या. एकदा पैसा जमिनीत गेला की थांबायचं कुणाला सुचत नाही, मोठमोठ्या साहेबांनाही नाही. आणि कोरड्या विहिरीची नोंद लाजेपोटी दडपू नका. दख्खनखालच्या खडकांचा नकाशा काढणाऱ्याला किल्लारीचे ते 8 मीटर आजही धरावे लागतात.