तांबट लेनमधील बालपण



नाशिकचे नाव उच्चारताच गोदावरी, रामकुंड आणि काळाराम मंदिर डोळ्यांपुढे उभे राहतात. जुन्या नाशकातील तांबट लेनमध्ये ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या कानांत मात्र प्रथम घुमतो तो तांब्यावर पडणाऱ्या हातोडीचा आवाज.

तेथील मुलांना जाग येई ती ऐरणीवरच्या ठोक्यांनी. शाळा सुटली की भट्टीचा भाता चालविणे, हंडे-कळश्या चिंचेने घासणे, तयार माल भांडी बाजारात पोहोचविणे ही कामे त्यांची वाट पाहत असत. ठोकून ठोकून कठीण झालेले तांबे तापविल्यावरच पुन्हा मऊ होते, हे त्यांना विज्ञानाच्या पुस्तकाआधी भट्टीपाशीच कळे. अखेरचे काम मठारण्याचे. ओळीने बसलेल्या त्या ठोक्यांनी भांड्याला चकाकी येई आणि बळकटीही. एखादा ठोका चुकला, तर पाठमोरे बसलेल्या आजोबांना तो केवळ आवाजावरून समजे. ही विद्या कानानेच घ्यावयाची होती.

तिची किंमतही कानांनीच मोजली. जन्मभर त्या ठणठणाटात बसलेल्या अनेक कारागिरांना उतारवयात ऐकू येईनासे झाले. घरातील माणसे त्यांच्याशी मोठ्याने बोलत आणि सगळ्याच घरांत असेच बोलतात, असा मुलांचा समज होई.

पुढे स्वयंपाकघरात ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टील आले. त्यांना कल्हई लागत नसे. पाण्याच्या हंड्यांची जागा प्लॅस्टिकने घेतली, तर बंबांची गिझरने. सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहतींत दरमहा ठरलेला पगार मिळू लागला आणि तांबटांची मुले तिकडे वळली. त्यांना दोष कोण देईल? बहिरेपणाचा वारसा आपल्या मुलांना द्यावा, असे त्यांच्या वडिलांनाही वाटत नव्हते. जुने वाडे खचत गेले. २००८ च्या महापुरात गोदावरीचे पाणी सराफ बाजार व भांडी बाजारात शिरले, तेव्हा पडत्या काळाला आणखी एक तडाखा बसला.

तांबट लेन हे नाव आजही आहे. तांब्या-पितळेची भांडीही विकली जातात. तांब्याच्या भांड्यातील पाणी पिण्याची आवड तर नव्याने वाढली आहे. परंतु यंत्रावर घडलेल्या भांड्यावर ठोक्यांची नक्षी उमटविता आली, तरी चुकलेला ठोका ओळखणारा कान यंत्रातून निघत नाही.

त्या गल्लीत भाता चालविणारी मुले आता आजोबा झाली आहेत. हत्यारांची नावे, धातू तापल्याच्या खुणा, ठोक्यांतील फरक हे सारे अद्याप त्यांच्या स्मरणात आहे. नाशिकच्या शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी त्यांच्यापाशी बसावे, त्यांचे बोलणे आणि त्यांच्या हातचे ठोके ध्वनिमुद्रित करावेत. वाडा पडला तर नवा बांधता येतो. ही विद्या जाणणारा शेवटचा माणूस गेल्यावर मात्र ती कोणाला विचारणार?