हळद दिसावी हळदीसारखी



नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या आपल्या बचत गटांचा माल आता मोबाईलवरही विकला जातो. नांदेडकडची हळद, लातूरकडची बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच. बोरसुरीच्या डाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गिऱ्हाईक असतं पुण्या-मुंबईत. त्याला मालाचा वास घेता येत नाही, डाळ मुठीत धरता येत नाही. त्याला दिसतो तो फक्त रंग. म्हणून आज आपण व्हिडिओचा रंग दुरुस्त कसा करायचा, ते बोलू.

रंग बिघडतो कशानं? उजेडानं. आपल्या डोळ्याला बल्बखालीही पांढरं ते पांढरंच दिसतं. कॅमेऱ्याला ते नेहमी जमत नाही. पिवळ्या बल्बखाली डाळ तांबूस होते, निळ्या ताडपत्रीखाली हळद हिरवट होते. एका बाजूनं दाराचा उजेड आणि दुसऱ्या बाजूनं बल्ब असला, तर एकाच ताटात दोन रंग दिसतात, आणि ते मागाहून निस्तरणं फार अवघड. म्हणून बल्ब बंद करा, दाराशी सावलीत बसा. व्हिडिओच्या सुरुवातीला मालाशेजारी एक पांढरा कागद ठेवा. तो कागद आपली खूणगाठ.

आता दुरुस्ती. मोबाईलच्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये त्यासाठी सरकपट्ट्या असतात. तीन पायऱ्या लक्षात ठेवा. आधी उजेड, मग पांढरं, शेवटी रंग.

पहिली, ब्राइटनेस किंवा एक्स्पोजर. कागद उजळ दिसावा, पण त्याच्या सुरकुत्या दिसेनाशा होऊ नयेत. दुसरी, टेम्परेचर. कागद पिवळा दिसला तर पट्टी निळ्याकडे, निळा दिसला तर पिवळ्याकडे. तरीही हिरवट झाक राहिली तर टिंटची पट्टी थोडी गुलाबीकडे. कागद पांढरा झाला की हळदही बरीचशी जागेवर येते. तिसरी, सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा. इथं हात आखडता ठेवा.

हे काम करताना मोबाईलचा रात्रीचा पिवळा पडदा बंद ठेवा, नाहीतर आपलाच अंदाज चुकतो. आणि खरा माल दिवसाच्या उजेडात पडद्याशेजारी धरून ताडून बघा.

हळद भडक केली तर चार लोक जास्त बघतील, असं वाटतं. पण पुडी घरी गेली की बाई व्हिडिओशी रंग ताडून बघते. फरक दिसला तर ती पुन्हा मागवत नाही. शिवाय हळदीत शिशाचा पिवळा रंग मिसळणारे लोक आहेत, हे आता गिऱ्हाइकालाही माहीत आहे. फार पिवळं दिसलं की तिला आधी भेसळीचीच शंका येते. मग आपल्या चांगल्या मालावर उगीच बट्टा.

दुसरी गोष्ट आपल्या तोंडाची. पूर्वी कोडक कंपनी फोटो छापणाऱ्यांना रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो द्यायची. त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिचा रंग नीट आला की काम झालं. सावळ्या माणसांचे चेहरे मात्र काळवंडून जात. आजचे ब्यूटी फिल्टर उलटं करतात, सगळ्यांना गोरं करून टाकतात. दोन्हीत आपण राहतच नाही. उन्हात हळद वाळवणारी बाई सावळी असली तर ती सावळीच दिसू द्या. चेहऱ्यावर उजेड नीट घ्या, डोळे आणि हसू दिसू द्या. तेवढी दुरुस्ती पुरे. बाकी फिल्टर बंद.

पुढच्या बैठकीत हे करून बघा. एक वाटी हळद, एक पांढरा कागद, एक मोबाईल. व्हिडिओ काढा, तीन पायऱ्या करा आणि वाटी पडद्याशेजारी धरा. सगळ्या जणींनी ‘हो, हीच आपली हळद’ म्हटलं, की मगच तो व्हिडिओ पाठवा.