सांध्यांचे दोर : अस्थिबंध आणि योगासने

(शिरड शहापूर, जि. हिंगोली येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



निंदणी, कापूस वेचणी, सोयाबीन काढणी, हळदीची काढणी ही आपली सारी कामे वाकून किंवा उकिडवे बसून करावी लागतात. त्यात भगिनींचा वाटा मोठा. पन्नाशी येते तोच गुडघा आणि कंबर बोलू लागतात. बैल लंगडला तर आपण लगेच पाहतो, स्वतःच्या सांध्याकडे मात्र पाहत नाही. म्हणून आज थोडे सांध्यांविषयी.

'योग' आणि बैलाच्या मानेवरचे 'जू' हे दोन्ही शब्द 'युज्' म्हणजे जोडणे या एकाच धातूचे आहेत. जू आणि दांडी दोराने बांधतात. दोर फार आवळला तर बैलाला वळता येत नाही, सैल पडला तर जू सरकते. आपल्या शरीरातही हाडाला हाड बांधणारे असेच चिवट दोर असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडणारी ती कंडरा, ती वेगळी.

अस्थिबंधाचे काम

गुडघ्याला चार मुख्य अस्थिबंध असतात. दोन बाजूंना एकेक आणि आत फुलीसारखे दोन. गुडघा पुढेमागे सहज वाकतो, पण आजूबाजूला कलत नाही, तो यांच्यामुळेच. शिवाय अस्थिबंधात मज्जातंतूंची टोके असतात. सांधा कोणत्या स्थितीत आहे याची वर्दी ती मेंदूला देतात. त्यामुळे अंधारात बांधावरून चालतानाही पाय सावरला जातो.

अस्थिबंध रबर नव्हे. मर्यादेबाहेर ताणला तर तो सैल राहतो किंवा तुटतो. त्याला रक्तपुरवठा कमी असल्याने तो सावकाश भरून येतो. किरकोळ दुखापतीला काही आठवडे, मोठ्या दुखापतीला कित्येक महिने लागतात.

वाकून काम आणि पोते

पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू बरेचसे ढिले पडतात आणि भार मणक्यांच्या अस्थिबंधांवर येतो. बराच वेळ तसेच राहिल्यास ते तात्पुरते सैल होतात. वीस मिनिटे वाकून बसलेल्या माणसांच्या मोजणीत असे आढळले की पहिल्या दोन मिनिटांत हा सैलपणा निम्म्याने कमी होतो, पण थोडासा अर्ध्या तासानंतरही उरतो. म्हणून निंदणीवरून उठल्याबरोबर पोते उचलू नये. आधी उभे राहावे, कमरेवर हात ठेवून हलकेच मागे झुकावे, थोडे चालावे, इतर हलकी कामे उरकावीत आणि मग ओझ्याला हात घालावा. पोते अंगाशी धरून उचलावे.

आसने कशी करावीत

आपल्या महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाची शास्त्रीय तपासणी सुरू केली. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले. त्यांनी दोर, विटा, घोंगड्या, पट्टे यांचा आधार घेऊन आसने शिकविली. ज्याचे अंग जेथवर जाते तेथवर आधार द्यावा, ही त्यातली समज आपल्या उपयोगाची आहे.

१. ताडासन : दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभे राहावे. गुडघा मागे ढकलून कुलूप लावल्यासारखा ठेवू नये. तसे केल्यास भार स्नायूंऐवजी अस्थिबंधांवर येतो.

२. वृक्षासन : भिंतीचा किंवा खांबाचा आधार घ्यावा. उचललेले पाऊल दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर टेकवू नये, वर किंवा खाली टेकवावे. घोट्याचा तोल सुधारतो.

३. अर्धे उत्कटासन : खुर्चीवर बसल्याप्रमाणे थोडेच खाली जावे. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच ठेवावेत. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याच्या अस्थिबंधांना आधार मिळतो.

४. भुजंगासन : दिवसभर वाकलेल्या पाठीला उलट दिशा मिळते. दुखेल इतके वर उठू नये.

पद्मासनात पाय खुब्यातून वळला पाहिजे. खुबा आखडलेला असताना पाऊल ओढून मांडीवर चढविले तर पीळ गुडघ्यात पडतो. अशांनी साधी मांडी घालावी. स्नायूत ताण जाणवला तर चालेल, सांध्याच्या आत कळ आली की थांबावे. ज्यांचे सांधे मुळातच फार वळतात त्यांनी ताणण्यापेक्षा बळ वाढविण्याकडे लक्ष द्यावे. गरोदरपणात व बाळंतपणानंतर काही महिने अस्थिबंध सैल असतात. भगिनींनी त्या काळात ताणाची आसने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करू नयेत.

पाय मुरगळल्यास

लगेच चोळू नये, शेकू नये. पहिले दोन दिवस विश्रांती, गार पाण्याच्या फडक्याची घडी, बेताची पट्टी आणि पाय उशीवर उंच. चार पावलेही टाकता येत नसतील, हाड दाबून दुखत असेल किंवा गुडघा चालताना दगा देत असेल, तर हाड बसविणाऱ्याकडे न जाता दवाखाना गाठावा. सूज व दुखणे उतरल्यावर आधार धरून एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. तो न केल्यास तोच पाय पुन्हा मुरगळतो.

औताचा दोर झिजला तर बाजारात नवा मिळतो. सांध्याचा दोर असा मिळत नाही. रोज पंधरा मिनिटे त्यासाठी काढावीत, एवढीच विनंती.