बोंडातल्या सरकीचा हिशेब
(कोल्हापूर येथे झालेल्या बैठकीतील भाषण)



कोल्हापूर म्हणजे उसाचा मुलूख. इथे येऊन कपाशीच्या अळीवर बोलणे म्हणजे पंढरपुरात जाऊन ज्योतिबाचा गुलाल उधळण्यासारखे. पण आज समोर कोरडवाहू भागातले कापूसवाले आणि ज्वारीवाले बसले आहेत, आणि त्यांचे कोडे सोडवायला इथला ऊसच उपयोगी पडणार आहे.

कोडे असे. बीटी कपाशीत अळी मारणारे जनुक आहे. मग २०१७ साली विदर्भात आणि मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली कशी? गावात दोनच उत्तरे मिळतात. एक म्हणतो, बियाणे बोगस. दुसरा म्हणतो, बीटी हीच थाप. आम्ही म्हणतो, आधी हिशेब मांडू. व्यापाऱ्याचा काटा तपासतो तसे जनुकाचेही माप काढता येते.

मातीत एक जीवाणू राहतो. बीटी हे नाव त्याचेच. अळीचे आतडे फोडणारे प्रथिन तो तयार करतो. ते कसे तयार करायचे याचा लेखी हुकूम म्हणजे जनुक. हा हुकूम कपाशीत घातला गेला. मार्च २००२ मध्ये केंद्राच्या समितीने पहिल्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. २००६ साली दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले.

पण हुकूम निघणे वेगळे आणि त्याची अंमलबजावणी होणे वेगळे. मुंबईत निघालेला जीआर तलाठ्याच्या सज्जापर्यंत पोचेतो त्याचे काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. झाडातही तेच होते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतले डॉ. के. आर. क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडाचा एकेक भाग घेऊन हे मोजले आणि २००५ साली छापले. पहिल्या जनुकाचे प्रथिन पानात सर्वांत जास्त. फुलातल्या बीजकोशात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत सर्वांत कमी. हिरव्या बोंडअळीला आवरायला ग्रॅममागे १.९ मायक्रोग्रॅम लागते. ११० दिवसांनंतर माप त्याच्या खाली गेले. म्हणजे जिथे अळी बोंड पोखरते तिथेच पहारा कमी, आणि पीक म्हातारे झाले की आणखी कमी.

आता उसाकडे या. को ८६०३२ चे टिपरे लावले की को ८६०३२ च उगवतो. मालदांडीचे चांगले कणीस राखून बी धरले तर पुढच्या साली मालदांडीच येते. पण संकरित ज्वारीचे बी घरी धरले तर काय होते? एक ताट उंच, एक बुटके, गुण फुटून जातात. कपाशीत हे फुटणे बोंडाच्या आतच होते. आपल्याकडे बीटी संकरित वाणांतून आली. जनुक एकाच पालकाकडून आले असेल तर बोंडातल्या सोळा सरक्यांपैकी सरासरी चारांत ते नसते. दोन जनुकांच्या वाणात नऊ सरक्यांत दोन्ही, सहांत एकच आणि एकीत एकही नाही. गुलाबी अळी खाते ती सरकीच. एकाच बोंडात तिला बिनविषारी घास मिळतो, अर्धा विषारी मिळतो आणि पुरा विषारीही मिळतो. अळीला विष पचवायची तालीम द्यायची तर याहून चांगला आखाडा कोल्हापुरातही सापडणार नाही!

तालीम घेऊन अळी बदलली. ती कशी बदलली हेही वाचून झाले आहे. बीटी प्रथिन अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. ते कुलूप, हे किल्ली. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांच्या या जनुकाची अक्षरे शास्त्रज्ञांनी वाचली आणि २०१४ साली प्रसिद्ध केली. जनुकाची नक्कल काढताना तुकडे जोडण्यातच गफलत होत होती. बिघडलेल्या नकला एकूण १९ प्रकारच्या निघाल्या. कुलूपच मोडले, किल्ली कुठे लावणार? पहिल्या जनुकाला अळी दाद देत नाही, हे गुजरातच्या चार जिल्ह्यांबाबत कंपनीने २०१० मध्येच मान्य केले होते. पुढे दुसरे जनुकही हरले.

अमेरिकेतही हीच अळी होती. तिथे सरळ वाणांत जनुक होते, म्हणजे प्रत्येक सरकीत होते. त्याला वांझ पतंग सोडण्याची आणि गावोगाव एकत्र कारवाईची जोड दिली. २०१८ साली तिथल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचे जाहीर झाले.

तेव्हा जनुक खोटे नव्हते. ते कुठे किती बोलते, कधी गप्प होते आणि कोणत्या सरकीत नसतेच, हे शेतकऱ्याला कोणी सांगितले नाही. थैलीवर चित्र होते, माप नव्हते.

म्हणून दोन गोष्टी. आपल्या हातातली पहिली: कमी मुदतीचे वाण घ्या, कामगंध सापळे लावा, डोमकळ्या तोडून नष्ट करा, डिसेंबर अखेर कपाशी उपटा. फरदडीतून मिळणाऱ्या दोन क्विंटलांवर पुढच्या सालची अळी पोसली जाते. दुसरी मागायची: बोंडात कितव्या दिवशी किती प्रथिन, हे प्रत्येक वाणाचे माप थैलीवर छापा, आणि जिल्ह्याजिल्ह्यातली अळी दर वर्षी तपासून निकाल पेरणीआधी गावात लावा. बियाण्याचे पैसे आपण मोजतो. आत काय आहे ते मोजून घ्यायचा हक्कही आपलाच आहे.